सातबारा, धुरा आणि नातीचं कॉलेज

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,


दर रविवारी फोनवर तुमचा एकच प्रश्न असतो, "पोरीचा नंबर लागला का?" मी म्हणतो, अजून नाही. मग तुम्ही फोन आईकडे देता आणि मागून आवाज येतो, "पोरगी बारावीत गेली, तरी याले कॉलेजचं नाव मालूम नाही." हे पारावर गेलं असणारच, रिसोडच्या बाजारापर्यंतही पोचलं असेल. म्हणून सगळं सविस्तर लिहितो. पत्र पारावर मोठ्यानं वाचायला हरकत नाही, फक्त धुऱ्याचा परिच्छेद आधी मनात वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे इथं गुणवत्ता यादी लागत नाही. सीईटी नाही, कॅप राऊंड नाही. अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, उत्तरं मार्चअखेरपर्यंत येतात आणि कुठं जायचं ते पोरांनी साधारण १ मेपर्यंत सांगायचं असतं. शाळा सुटते त्यानंतर, जूनमध्ये. अर्जात नववीपासूनचे मार्क, घेतलेले विषय, सॅटचा १६०० पैकी आकडा (तोही बऱ्याच कॉलेजांना ऐच्छिक), अभ्यासाव्यतिरिक्त काय केलं त्याचे १० रकाने, ६५० शब्दांपर्यंतचा एक निबंध आणि शाळेचं पत्र. एवढ्या सगळ्याची मोट बांधून देणारं शाळेत एक ऑफिस असतं, कौन्सेलिंग ऑफिस. आमच्या शाळेत नववीत आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून पोरांची वाटणी होते आणि मिळालेला कौन्सेलर बहुधा बारावीपर्यंत सोबत राहतो. आमच्या वाट्याला एक बाई आल्या. त्यांच्या टेबलावर टिश्यूचा डबा असतो. मला वाटलं पोरांसाठी असेल. तो पालकांसाठी असतो.

गेल्या हिवाळ्यात, पोरगी अकरावीत असताना, आम्हा दोघांना बोलावणं आलं आणि तुमच्या सूनबाईचं तोंड उतरलं. आपल्याकडे शाळेनं बापाला बोलावलं म्हणजे पोरानं कोणाचं तरी डोकं फोडलेलं असतं, नाही तर फी राहिलेली असते. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बाईंनी पोरीला विचारलं, "तुला काय शिकावंसं वाटतं?" मी म्हणालो, "कॉम्प्युटर सायन्स." बाई माझ्याकडे बघून हसल्या, खुर्ची जरा तिकडं फिरवली आणि तोच प्रश्न पुन्हा पोरीला विचारला. पोरगी म्हणाली, "माती."

बाबा, याला तुम्ही जबाबदार आहात. मागे सुटीत आलो होतो तेव्हा पहिला पाऊस पडल्यावर तुम्ही तिला वावरात नेलंत. तिची चप्पल काळ्या मातीत रुतली ती रुतलीच. ही माती उन्हाळ्यात एवढी फाटते आणि पावसात एवढी चिकटते कशी, असं तिनं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "मातीचा सोभावच तसा हाय." या उत्तरानं तिचं समाधान झालं नाही. आता उरलेलं उत्तर मी डॉलर मोजून आणणार आहे. तुम्ही सोयाबीन विकून मला इंजिनिअर केलं ते मी वावरातून बाहेर पडावं म्हणून. आणि नात निघाली परत वावराकडे.

बाईंना यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी लगेच रटगर्सचं नाव काढलं. हे आमच्या राज्याचं सरकारी विद्यापीठ, सन १७६६ चं, म्हणजे पानिपतानंतर पाच वर्षांनी निघालेलं. १८६४ पासून शेतीशिक्षणाची सरकारी जबाबदारी त्याच्याकडे आहे. १९४३ मध्ये तिथंच मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन काढलं. त्या कामासाठी सेल्मन वॅक्समन यांना १९५२ चं नोबेल मिळालं. आईच्या मामांना टीबीत जी सुई टोचायचे, ती हीच.

तुम्ही काय म्हणाल ते मला ऐकू येतंय. "माती शिकायले अमेरिका काहून पाह्यजे? अकोल्याले पंजाबराव कृषी विद्यापीठ हाय, इथं करड्याले कृषी विज्ञान केंद्र हाय." मीही बाईंना अकोल्याचं सांगून पाहिलं. त्यांनी स्पेलिंग विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं. त्यांच्या यादीत अकोला अजून आहे.

मग पालकांचा फॉर्म आला. कौन्सेलरला प्रत्येक पोराविषयी कॉलेजांना पत्र लिहावं लागतं. शेकडो पोरांबद्दल लिहायचं तर घरची माहिती हवी, म्हणून आईबापांना विचारतात, तुमच्या पाल्याचं वर्णन करणारी पाच विशेषणं लिहा, तिचा अभिमान वाटला असा प्रसंग सांगा. बाबा, आपल्या घराण्यात कोणी कोणाचं तोंडावर कौतुक केल्याची नोंद नाही. मी दहावीला ८८ टक्के आणले तेव्हा तुम्ही "बाकीचे बारा कुठी गेले?" एवढंच विचारलं होतं. सूनबाईनं पहिलं विशेषण सुचवलं, "तशी बरी आहे." हे विशेषण नाही म्हटल्यावर "हट्टी" दिलं. रात्री उशिरापर्यंत बसून शेवटी मी "आज्ञाधारक" असं लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला. तो परत आला. या शब्दावरून कॉलेजला काही कळणार नाही, प्रसंग द्या, असं बाईंनी लिहिलं होतं. शिवाय शब्द खोटाच होता. मग मी जे दिसतं ते लिहिलं, की ही पोरगी शनिवारी सकाळी उठून गावच्या सामाईक बागेत जाते, कंपोस्टच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालते, घरी आल्यावर तिच्या अंगाला वास येतो, आई ओरडते, पुढच्या शनिवारी ती पुन्हा जाते. बाई म्हणाल्या, हेच पाहिजे होतं. लेखी कौतुक झालं म्हणून सूनबाईनं त्या रात्री मीठ-मोहऱ्या ओवाळून नातीची दृष्ट काढली. मोहऱ्या जाळल्या तसा छताला लावलेला धुराचा भोंगा वाजला आणि शेजारी बाहेर आले.

बाईंनी त्यावरून शेवटी काय लिहिलं ते आम्हाला कळणार नाही. १९७४ च्या एका कायद्यानं पोरांना ते पत्र पुढे बघायचा हक्क दिला आहे, पण कॉलेजचा पत्रावर विश्वास बसावा म्हणून बहुतेक पोरं अर्जातच तो हक्क सोडतात. त्याच कायद्यामुळे कॉलेजात गेल्यावर मार्क पोरांच्या ताब्यात जातात. फी बापानं भरायची आणि मार्क पोरीनं दाखवले तर बघायचे. हे पारावर कोणाला पटणार नाही, मलाही पटलेलं नाही.

आता धुऱ्याचं. इथून मनात वाचा. निबंधाला विषय मोकळा असतो. आपल्या मंडळींच्या पोरांचा ठरलेला निबंध म्हणजे माझे वडील दोन बॅगा घेऊन या देशात आले. तोच लिही, मी म्हटलं, बॅगा अजून माळ्यावर आहेत. बाईंनी तिला विचारलं, "ही वडिलांची गोष्ट झाली, तुझी कुठाय?" त्यावर तिनं जे लिहिलं ते सांगायला मला संकोच वाटतो. आपल्या आणि काकांच्या धुऱ्याचं भांडण. दीड हात जागा, बोरीचं झाड, मोजणीवाला आला तेव्हा काकूनं घातलेला गोंधळ आणि तुम्ही पायातली चप्पल हातात घेतलीत तो क्षण, सगळं आहे. तिचं म्हणणं असं की धुऱ्यावरची माती दोन्ही वावरांपेक्षा सकस आहे, कारण भांडणाच्या भीतीनं तिथं वर्षानुवर्षं कोणी नांगर घातला नाही. बाई म्हणाल्या, यातला एकही शब्द बदलू नको. म्हणजे तालुक्याला ज्या प्रकरणावर नुसत्या तारखा पडल्या, ते आता अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अधिकारी अथपासून इतिपर्यंत वाचणार.

कॉलेजांची यादी करताना बाईंनी तीन ढीग केले. मिळालं तर नशीब, मिळायला हरकत नाही, आणि नक्की मिळेल. कॉमन अ‍ॅप म्हणून सामाईक अर्ज आहे, १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी सुरू केलेला, आता हजाराच्या वर कॉलेजं त्यात आहेत. त्यातून एकाला २० ठिकाणी अर्ज करता येतो. मी वीसच्या वीस भरायला निघालो होतो, बाईंनी थांबवलं. अर्ली डिसिजन नावाचा एक प्रकार आहे. नोव्हेंबरातच एका कॉलेजला शब्द द्यायचा, त्यांनी घेतलं तर दुसरीकडे बघायचं नाही, आणि त्यावर पोरगी, पालक, कौन्सेलर अशा तिघांच्या सह्या. साखरपुडाच म्हणा, पण देण्याघेण्याचा आकडा नंतर कळतो. बाई म्हणाल्या, चार ठिकाणची आर्थिक मदत ताडून बघायची असेल तर यात पडू नका. पडलो नाही. बंधन नसलेला लवकरचा अर्ज १ नोव्हेंबरला जाईल.

खर्चाचं आईला सांगू नका. काही नामांकित खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवण्यासकट वर्षाचा आकडा ९० हजार डॉलरच्या घरात गेला आहे, रुपयात ७५ लाखांच्या वर. राज्याच्या विद्यापीठात राज्यातल्या पोरांना त्यापेक्षा बरंच कमी पडतं. मग बाईंनी ती गोष्ट काढली जी इथल्या गणपतीच्या आरतीनंतर कोणी काढत नाही, कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षं घरून डबा घेऊन जायचं, मग रटगर्ससारख्या ठिकाणी उरलेलं पूर्ण करायचं. वर्गातल्या पहिल्या १५ टक्क्यांत असलेल्यांना राज्याच्या एनजे स्टार्स योजनेत तिथली शिकवणीची फी माफ होते. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, लोक काय म्हणतील. सूनबाईनं तिथंच विचारलं, "लोक फी भरणार आहेत का?" तेही नाव यादीत आहे.

मदतीचा सरकारी फॉर्म वेगळाच, त्याला फॅफ्सा म्हणतात. भरायला पैसे पडत नाहीत. तो कसा भरायचा ते शिकवायला कौन्सेलिंग ऑफिसनं या आठवड्यात शाळेच्या लायब्ररीत पालकांना बोलावलं होतं. पिझ्झा होता, म्हणून गर्दीही होती. आपली नात इथं जन्मली, म्हणून तिला हा फॉर्म चालतो. शेजारच्या तेलुगू घरातला पोरगा तिच्याच वर्गात आहे, पण जन्म हैदराबादचा आणि व्हिसा बापाच्या मागे, त्याला चालत नाही. बाईंनी त्याच्या आईला हे गोलमोल न बोलता सांगितलं आणि व्हिसा बघत नाहीत अशा शिष्यवृत्त्यांची वेगळी यादी दिली. टिश्यूचा डबा तेव्हा कामी आला.

फॉर्ममध्ये राहतं घर धरत नाहीत, पण दुसरी स्थावर मालमत्ता विचारतात. मी हात वर केला. भारतात वडिलोपार्जित शेती आहे, म्हटलं. बाईंनी विचारलं, कोणाच्या नावावर? म्हटलं, आजोबांच्या. त्यांचं वय? म्हटलं, ते वारून तीस वर्षं झाली. सगळी लायब्ररी माझ्याकडे बघायला लागली. सातबाऱ्यावर वारसाची नोंद राहून गेली आहे, तीन भाऊ आहेत, शिवाय धुऱ्याचा वाद आहे, एवढं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला हे माहीत नाही. अंदाजानं भरू नका, कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला लेखी विचारा." बाबा, टेबलामागे बसलेला माणूस "मला माहीत नाही" असं म्हणतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

सगळंच गोड आहे असं समजू नका. एका कौन्सेलरमागे २५० पोरं असावीत असं त्यांचीच संघटना म्हणते, देशाची सरासरी साडेतीनशेच्या वर आहे. त्यात पोरांची वेळापत्रकं, रडारड, मारामाऱ्या हेही त्यांच्याच गळ्यात. भेटीची वेळ लवकर मिळत नाही. म्हणून पैसेवाले पालक हजारो डॉलर मोजून खासगी सल्लागार लावतात. आपल्याकडे लातूर-कोटा आहे तसं इथंही बाजार भरलेला आहे. तरी मला विचाराल तर आमच्या बाईंनी फुकटात केलं ते काम जास्त मोलाचं. त्यांनी मला गप्प बसवलं.

आता दादाकडे बघा. थोरल्याच्या दहावीला बोर्डानं कलचाचणी घेतली होती, २०१६ पासून काही वर्षं चालली ती. त्याचा कल ललित कलेकडे निघाला. दादानं तो कागद गॅसच्या पुस्तकात ठेवला आणि पोराला लातूरला नेऊन घातलं. यंदा धाकटी बारावीला आहे. उन्हाळ्यात वाशीमच्या नेट कॅफेवर रांग लागेल, आत बसलेलं पोरगंच ऑप्शन फॉर्म भरेल आणि कॉलेजांचा क्रमही तेच लावेल. त्याच्या डोक्यावर आमच्या बाईंपेक्षा जास्त पोरं असतात आणि कोणाला काय आवडतं हे विचारायला त्याला वेळ नसतो. त्याचा दोष नाही, ते काम त्याला कोणी दिलेलंच नाही.

तेव्हा दादाला माझा निरोप द्या. जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअरचे कागद आत्ताच टाका, ऐन वेळी सेतूत उभं राहायला जागा नसते. आणि फॉर्म भरायच्या आधी एक दिवस धाकटीला समोर बसवून तिला काय शिकायचं ते विचारा. तिचं उत्तर येईपर्यंत घरात कोणी "फार्मसी" म्हणायचं नाही, तुम्ही तर नाहीच नाही.

सोयाबीन निघालं का, भाव काय लागला, कळवा. आईनं गुडघ्याचं तेल संपलं तर सांगावं, येणाऱ्याजाणाऱ्याकडे देईन.

तुमचा,
मधला

ता. क. काकांशी धुऱ्याचं तडजोडीनं मिटवायचं तुमच्या मनात आहे, असं आई म्हणत होती. चांगलं आहे, जरूर मिटवा. फक्त १ नोव्हेंबरपर्यंत थांबा, अर्ज गेला की दीड हात त्यांना देऊन टाका.