पायपारखी काकू

लिफ्टचं दार उघडलं की आपण समोरच्याचं तोंड बघतो. बी विंगच्या काकू पाय बघतात. गाऊनखाली, बर्मुड्याखाली, निऱ्या जरा वर खोचल्या असतील तर तिथेही, जिथे म्हणून चार बोटं पोटरी दिसेल तिथे त्यांची नजर आधी पोचते. दुसरा मजला यायच्या आत निदान तयार. "व्हेरिकोज आहे गं तुला. मांडीवर मांडी टाकून बसतेस ना?"

अशा काकू प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना कोणी नेमलेलं नसतं, त्यामुळे त्या निवृत्तही होत नाहीत. कुणाकडे पित्ताचं खातं असतं, कुणाकडे गुडघ्यांचं. आमच्या काकूंकडे शिरांचं आहे.

मांडीवर मांडी टाकल्याने शिरा फुगतात याला काही आधार नाही. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं आणि ते मागे घसरू नये म्हणून शिरांना आतून झडपा असतात. त्या सैल पडल्या की रक्त तुंबतं, शीर फुगते, वेडीवाकडी होते. यात घराण्याचा वाटा मोठा. शिवाय वय, बाळंतपणं, वजन, तासन् तास उभं राहणं नाहीतर एकाच जागी बसून राहणं. हे सगळं मी एकदा काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तेच तर म्हणते मी! झडपाच त्या. मांडीवर मांडी टाकली की मिटणारच."

काकूंचं सामर्थ्य यात आहे. अडाणी माणूस खरी माहिती झिडकारतो. काकू ती पोटात घेतात, पचवतात, आणि ढेकर त्यांचाच येतो.

ए विंगमधल्या एका नव्या सुनेच्या मांडीवर निळ्या-तांबड्या बारीक रेषांचं जाळं उठलं होतं. एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात त्या, बहुधा निरुपद्रवी. काकूंनी आधी उष्णतेवर बोट ठेवलं, सब्जा सांगितला, गुलकंद पाठवला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे जाळं चढत चढत छातीपर्यंत जातं हो." पोरगी रात्रभर झोपली नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, काळजीचं कारण नाही, दिसायला नको असेल तर इंजेक्शनने घालवता येतं. काकूंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, घाबरू नकोस."

शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत शिरा निळ्या रंगवलेल्या असतात. काकूंनी तो निळा रंग फारच मनावर घेतलेला आहे. निळी शीर म्हणजे आत नासकं रक्त, ते काढून टाकलं की पाय मोकळा. म्हणून जळवा. जळू आपलं पोट भरून निघून जाते, झडप आहे तशी गळकीच राहते, हा तपशील त्यांना क्षुल्लक वाटतो. शस्त्रक्रियेला मात्र सक्त विरोध. "शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?" खोलवरच्या शिरांतून. पायातलं बहुतेक रक्त तिकडूनच वर जातं. "म्हणजे बायपासच की!" काकू म्हणाल्या. पूर्वी हा इलाज भीतिदायक होता, हे मान्य. रोमन सेनापती मारियसने न बांधून घेता एका पायाच्या शिरा कापून घेतल्या आणि दुसरा पाय पुढे करायला साफ नकार दिला, असं प्लुटार्कने लिहून ठेवलंय. आता लेझरने शीर आतून तापवून बंद करतात आणि माणूस बहुधा त्याच दिवशी चालत घरी येतो.

काकूंचा सर्वांत पक्का सिद्धांत म्हणजे हा बायकांचा आजार. आणि काका? काकांचा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात, म्हणजे उभ्याने गेला. त्यांच्या डाव्या पोटरीवर गुळवेल चढलेली दिसते. "ह्यांच्या त्या मेहनतीच्या शिरा," काकू कौतुकाने सांगत. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली, खाज सुटू लागली, तेव्हा दोष मोज्याच्या इलॅस्टिकला गेला.

मग एका सकाळी आंघोळीत काकांनी तिथेच खाजवलं आणि रक्ताची धार लागली. काकूंनी दोरीवरच्या परकराची नाडी ओढून काढली आणि गुडघ्याखाली करकचून आवळली. रक्त वाढलं. नाडी आणखी आवळली. रक्त आणखी वाढलं. आरडाओरडा ऐकून चौथ्या मजल्यावरची नर्स धावत आली. तिने आधी नाडी सोडली, काकांना ओल्या फरशीवरच आडवं केलं, पाय उपड्या बादलीवर ठेवला आणि पंचाची घडी जखमेवर दाबून धरली. थोड्या वेळात रक्त थांबलं. वरची वाट आवळली की परतीचं रक्त अडतं, खालून येणारं येतच राहतं, त्याला फुटायला जागा ती जखमेचीच. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात नाडी. त्या वेळी त्या काहीच बोलल्या नाहीत. सोसायटीच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी.

डॉक्टरांनी काकांना उभं करून डॉप्लर तपासणी केली, पावलाच्या नाड्या नीट लागतात ना ते पाहिलं आणि तूर्त दाबाचे मोजे दिले. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचे, पायाला सूज यायच्या आत. काकू ते जेवण झाल्यावर चढवत, कारण ओढायला अंगात ताकद हवी. वरची कड दोनदा दुमडत, घसरू नयेत म्हणून. ती दुमड म्हणजे पुन्हा नाडीच, असं नर्सने सांगितल्यावर दुमड गेली.

परवा फाटकाशी काकू वॉचमनची पँट पोटरीपर्यंत वर करायला लावून उभ्या होत्या. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"पुरुषांनी तर जास्त जपायला हवं. मी ह्यांना कधीची सांगत होते. नुसता उभा राहू नकोस रे, चालत राहा. पोटरी हलली की रक्त वर ढकललं जातं."

"काकू, मी चालत राहिलो तर गेट कोण उघडणार?"

"तेच तर म्हणते मी," काकू म्हणाल्या.