बुधवारकर

‘आता अंक घेणं बंद!’ असं जाहीर करून ते बंद न करणारा एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असणारच. सिगारेट सोडलेले निदान गच्चीवर जाऊन ओढतात. आमचा बुधवारकर सोडल्याची बातमी सांगता सांगताच पिशवीतून नवे अंक काढतो.

हे त्याचं आडनाव नव्हे. अमेरिकेत सुपरहिरोंच्या कॉमिक्सचे नवे अंक बुधवारी दुकानात येतात, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनचा हा गृहस्थ गेली तीसेक वर्षं दर बुधवारी ऑफिसातून परस्पर तिकडे जातो, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. लक्ष्मीपूजन बुधवारी आलं, तर त्यांच्या घरचा मुहूर्त सातनंतरचाच निघतो.

पहिली घोषणा मी ऐकली नोव्हेंबर १९९२मध्ये. सुपरमॅन मेला. पंचाहत्तरावा अंक काळ्या पिशवीत सीलबंद आला, आत दंडाला बांधायची काळी फीत. बुधवारकरनं पाच प्रती घेतल्या. एक वाचायला, चार मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी. तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं! फीत बांधूनच तो आमच्याकडे जेवायला आला. म्हणाला, “नायकच गेला. आता कुणासाठी घ्यायचे?” पण तेरावं उरकतंय न उरकतंय, तोच चार जण उभे राहिले. प्रत्येक जण म्हणे, मीच सुपरमॅन. “आता खरा कोण ते कळल्याशिवाय कसं सोडणार? कथा अर्ध्यावर टाकून उठू नये.”

हे वाक्य त्याच्या आजीचं. सत्यनारायणाच्या कथेतून खेळायला पळणाऱ्या नातवाला ती असं दटावायची. त्या माउलीला काय कल्पना, की जगात अशीही एक कथा आहे, जी १९३८ साली सुरू झाली आणि जिचा पाचवा अध्याय अजून आलेला नाही!

मग २००७. स्पायडरमॅनचं लग्न १९८७ सालचं. ते मोडलं. नुसतं मोडलं नाही, तर त्याच्या मे काकूंचा जीव वाचवण्यासाठी सैतानाशी सौदा करून ते झालंच नव्हतं असं ठरवलं. बुधवारकर दोन दिवस धड जेवला नाही. “अरे, वीस वर्षांचा संसार!” वहिनी आमटी वाढता वाढता म्हणाल्या, “त्या सैतानाचा पत्ता दिलाय का हो अंकात?” यानं दुकानदाराला ठणकावून सांगितलं, बंद म्हणजे बंद. पुढच्या बुधवारी पिशवी आलीच. लग्न मोडल्यावर तो बिचारा राहतो कसा, एवढं तरी बघायला नको? कथा अर्ध्यावर वगैरे.

सप्टेंबर २०११मध्ये सुपरमॅनचे अंक काढणाऱ्या डीसी कंपनीनं पाटी पुसली आणि ५२ मालिका नव्यानं एक नंबरपासून सुरू केल्या. “एवढ्या वर्षांची कथा पुसली, माझा संबंध संपला!” महिनाअखेरीला तळघरात बावन्नच्या बावन्न पहिले अंक. का, तर पहिलाच अध्याय कसा चुकवायचा? २०१८ साली सुपरमॅनच्या ‘ॲक्शन कॉमिक्स’चा हजारावा अंक आला, ७ डॉलर ९९ सेंटला. वर आठ दशकांची आठ वेगळी मुखपृष्ठं. हा आठही घेऊन आला. गोष्ट एकच, पारायणं आठ.

२०२०च्या एप्रिलमध्ये वितरणच थांबलं. कित्येक आठवडे नवा अंक नाही. ते मात्र तो ‘सोडण्यात’ मोजत नाही. म्हणतो, “उपास आणि उपासमार यांत फरक असतो.” त्याच वर्षी डीसीनं अंक मंगळवारी काढायला सुरुवात केली आणि आमच्या मित्राचं नाव बदलायची वेळ आली. २०२४च्या जुलैत ते पुन्हा बुधवारी येऊ लागले, म्हणून वाचलं.

गेल्या वर्षी लहान घरात जायचं ठरलं. तळघरात सत्तावीस लांबट खोकी, प्रत्येकात अडीचशे-तीनशे अंक, प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाठीला पांढरा पुठ्ठा. वहिनींचं ट्रेडमिल त्यांच्यामागे कुठंतरी होतं म्हणतात. जुने अंक घेणारा एक व्यापारी आला. काळ्या पिशव्या बघून हसला. ह्या सगळ्यांनीच जपून ठेवल्यात, म्हणाला, म्हणून कुणालाच नकोत. महाग काय, तर ज्यांच्या आयांनी वेळेवर रद्दीत घातले, त्यांच्यातून चुकून उरलेले. प्रत्येक खोक्याचा जो भाव त्यानं सांगितला, त्यात सहकुटुंब डोसे झाले असते.

बुधवारकर गप्प बसला. पुण्यात लहानपणी त्याच्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक होते, वेताळाचे. तो दहावीला गेल्यावर आईनं ते सगळे तागडीत घातले. त्याबद्दल तो तिच्यावर चाळीस वर्षं रुसून होता. व्यापारी गेल्यावर एवढंच बोलला, “बाजार आमच्या आईलाच कळला होता.”

त्यानंतर त्यानं खरंच सोडलं. आम्हाला कळलं ते घोषणा झाली नाही म्हणून. बुधवारी सहाला तो सरळ घरी आला, तेव्हा वहिनींनी घाबरून मला फोन केला. खोटं कशाला बोलू, मलाही करमेना. इतकी वर्षं ज्याला हसलो, तो हसण्याजोगं काही करीना.

पुढच्या बुधवारी मीच त्या दुकानात डोकावलो. गिऱ्हाइकांच्या नावांच्या फायलींचा एक खण असतो. आलेले अंक दुकानदार ज्याच्या त्याच्या फायलीत काढून ठेवतो. तिथं याचं नाव अजून होतं. खरं आडनाव. बँकेनं, दवाखान्यानं, खुद्द त्याच्या ऑफिसनं आजवर धड न लिहिलेलं ते लांबलचक कोकणस्थी आडनाव, एकही अक्षर न चुकता. हा १९९२ साली एकटा इथं आला, तेव्हा या देशात त्याची वाट बघणारी वस्तू एकच होती, ही फाईल.

आत काही नव्हतं. दुकानदार म्हणाला, अंक नको म्हणून सांगितलंय त्यानं. पण फाईल काढू नका म्हणालाय.

म्हणजे कथेतून उठला खरा. पण पाटावर रुमाल टाकून.