अण्णांना कम्प्युटरचा हिशेब

डॅलस, टेक्सस
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अण्णा आणि आईस,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "अमेरिकेत कम्प्युटर तयार मिळंना का, की सुटे भाग जोडायची पाळी आली?" मिळतो, अण्णा. पण ओंकारला त्यावर गेम खेळायचेत, आणि स्वस्तातल्या तयार मशीनमध्ये बहुतेक वेळा वर दिसतं ते भारी आणि आत दडतं ते हलकं असतं. सुटे भाग घेतले की कुठं हात सैल सोडायचा आणि कुठं आखडायचा, हे आपल्याकडं राहतं.

जावईबापूंनी ८०० डॉलर ठरवले. "रुपयांत सांगू नको," असं ते मला बजावत होते. मी सांगितलं. "एवढ्यात दुभती म्हैस आली असती की," हे तुमचं वाक्य स्पीकरवर सगळ्या घरानं ऐकलं. तेव्हापासून आमच्याकडं मशीनचं नाव म्हैसच पडलंय.

तर हिशेब. सुरुवात स्क्रीनपासून करायची, हे मला फार उशिरा कोणीतरी सांगितलं; बापलेकांना तर अजून पटलेलं नाही. घरात ऑफिसनं काढून टाकलेला मॉनिटर आहे, १९२० बाय १०८० चा, ६० हर्ट्‌झचा. म्हणजे तो सेकंदाला ६० चित्रं दाखवणार. ग्राफिक्स कार्डानं २०० तयार केली तरी उरलेली दिसायचीच नाहीत. मग सातशे डॉलरचं कार्ड कुणासाठी? दोघांचे चेहरे पडले, पण आकडा २९९ वर आला: एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६०, याच वर्षी मे महिन्यात निघालेलं, आठ जीबी मेमरीचं. "आठ पुढं कमी पडेल," असं ओंकार म्हणतो. पडेलही. पुढचं पुढं.

प्रोसेसर एएमडीचा, रायझन ५ ५६००. सहा कोअर, २०२२ चं मॉडेल. जुनं का घेतलं म्हणाल, तर रॅममुळं. नव्या प्रोसेसरच्या एएम५ मदरबोर्डांना डीडीआर-५ शिवाय दुसरी रॅम चालत नाही, आणि यंदा रॅमचा बाजार पेटलाय. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी माल उचलायला सुरुवात केली आणि आमच्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांच्या वाट्याला चढे भाव आले. मायक्रॉन कंपनीनं तर या महिन्यात जाहीर केलं की क्रुशियल हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करणार. सोयाबीनला निदान कागदावर तरी ५,३२८ रुपये हमीभाव आहे; आडतीत काय हातात पडतं ते तुम्ही मला सांगताच. इथं उलटं आहे, घेणाऱ्यालाच कुणी वाली नाही. म्हणून जुना एएम४ बोर्ड आणि डीडीआर-४. तीही महागलीच आहे, पण जीव गेला नाही.

रॅम सोळा जीबीची एक कांडी न घेता आठ-आठच्या दोन घेतल्या. हे तुम्हाला लगेच कळेल: एकटा बैल कितीही दांडगा असला तरी नांगराला देवणीची सारखी जोडीच लागते. दोन कांड्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. आमच्या बोर्डावर त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. पहिल्या दोन खाचांत शेजारी-शेजारी बसवल्या तर दोन्ही एकाच वाटेवर येतात.

खरं भांडण झालं ते पॉवर सप्लायवरून. बापलेकांना काचेचा कॅबिनेट हवा होता, आत सात रंगांचे पंखे. आपल्याकडं एवढी लायटिंग लग्नाच्या मांडवाला करतात, आणि तीही दुसऱ्या दिवशी काढून नेतात. त्यासाठी पैसे वाचवायचे कुठून? तर पॉवर सप्लाय बिननावाचा घेऊन! त्यांचा युक्तिवाद असा, की कार्ड १४५ वॅट, प्रोसेसर ६५, झाले २१०. मग ५५० वॅटचा चांगला सप्लाय कशाला? कारण गेममध्ये कार्ड क्षणभर एकदम जास्त ओढतं, आणि हलका सप्लाय जळताना एकटा जळेलच असं नाही, बोर्ड आणि कार्डही बरोबर नेऊ शकतो.

मी म्हटलं, मी किल्लारीची आहे. वरून भक्कम दिसणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात आपल्या गावात जाडजूड भिंतींचेच वाडे आधी खाली आले; दगड मातीत रचलेले, डोक्यावर माळवदाचं ओझं, आणि भिंतीला भिंत धरून ठेवणारं काहीच नाही. नव्या घराच्या वेळी तुम्ही रंग कुठला म्हणून विचारलं नाही, सिमेंटचा पट्टा चारी बाजूंनी फिरवलाय का ते पाहात होतात. ओंकार थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं शोधून काढलं, की तैवानलाही २१ सप्टेंबर १९९९ ला असाच मध्यरात्रीनंतर भूकंप झाला. दोन हजारांहून जास्त माणसं गेली, चिपच्या कारखान्यांची वीज बंद पडली आणि जगभर रॅम महागली. "आजोबांना हे माहीत आहे का?" असं विचारत होता. पुढच्या फोनवर तुम्हीच त्याच्याशी बोला. मला ती रात्र त्याला नीट सांगता येत नाही.

सप्लाय चांगला आला. पंखे बिनरंगी आले. विंडोजचे पैसे बजेटमध्ये कुणीच धरले नव्हते, त्यावर मी मौन पाळलंय. जोडणी एका रविवारी झाली. जावईबापूंनी खास थर्मल पेस्टची नळी आणली होती. कूलरला पेस्ट कारखान्यातूनच लावून आली होती. नळी देवघराच्या कप्प्यात ठेवलीय, हळदीकुंकवाशेजारी.

आणि एवढं करून पोरगा खेळतो काय? फार्मिंग सिम्युलेटर! ट्रॅक्टरवर बसून सोयाबीन पेरतो. यंदा सप्टेंबरच्या पावसानं तुमचं उभं पीक पाण्यात गेलं, आणि इकडं नातू एका बटणावर हार्वेस्टर फिरवतोय. रात्रीच्या लाइटीला मोटार सुरू करायला विहिरीवर जायचं नाही, की आडत्याशी घासाघीस करायची नाही. त्यात म्हशीही पाळता येतात, अण्णा, तेव्हा तुमचा हिशेब अगदीच चुकला नाही.

आता दादाच्या सोहमचं. काकांनी येताना बॅगेतून कार्ड आणावं, असा त्याचा निरोप आहे. आणणार नाही. बिघडलं तर वॉरंटीसाठी इकडं कोण धाडणार? त्याला म्हणावं, लातूरला भाव काढ, पुण्याचा काढ, मुंबईला कुणी गेलं तर लॅमिंग्टन रोडला विचारून ये. आणि पैसे कमी पडले तर कार्ड खालचं घे, पण यूपीएस घेतल्याशिवाय मशीन सुरू करू नकोस. आपल्याकडची लाइट तुम्ही जाणताच. दहावीची परीक्षा झाल्यावर घ्यावं, असं दादाला वाटतं. तो निकाल तुम्हीच द्या, मी मध्ये पडत नाही.

आईचे धपाटे इथं जमत नाहीत. पीठ कुठल्या कुठल्या धान्यांचं आणि किती, ते तिला विचारून कळवा.

तुमची,
सुमन