माणूस असल्याचा पुरावा

वेबसाइट अंधांना वापरता येऊ नये यासाठी केवढी मेहनत घ्यावी लागते, याची लोकांना कल्पना नसते. साधंसुधं पान लिहिलं, शीर्षकाला शीर्षक म्हटलं, बटनाला नाव दिलं, चित्राला दोन शब्दांचं वर्णन जोडलं, की स्क्रीन रीडर ते घडाघडा वाचून मोकळा. त्यातून एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर तर फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली ही सोय करून ठेवली, त्यामुळे खर्चाचं कारणही हातचं गेलं. आता सगळी भिस्त आपल्या डेव्हलपरवर.

आणि तो कमी पडत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे सर दृष्टिहीन. परवा दिव्यांगांच्याच एका सवलतीचा अर्ज भरायला बसले. मीही चहा घेऊन शेजारी. पान उघडताच संगणक बोलू लागला, "बटन. बटन. ग्राफिक. लिंक. बटन." कसलं बटन, ते गुपित. यात दूरदृष्टी आहे. नाव कळलं की माणूस दाबतो, दाबलं की अर्ज येतो, आणि आलेला अर्ज कुणाला तरी तपासावा लागतो. व्हीलचेअरचं एक देखणं चित्रही होतं. त्याचं वर्णन ऐकू आलं, "आयएमजी शून्य शून्य चार सात फायनल न्यू."

माहितीपत्रक जुन्या फॉन्टातलं. डोळ्यांना शुद्ध मराठी, पोटात मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. सरांनी ती पाच मिनिटं मान तुकवून ऐकली आणि हळूच विचारलं, "संस्कृत आहे का हो?"

सोयी नव्हत्या असं मात्र कुणी म्हणू नये. वर कोपऱ्यात अक्षर मोठं करायचं बटन होतं, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात. ज्याला ते दिसेल त्याला त्याची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला ते दिसायचं नाही. गैरवापराची शक्यताच मिटली.

कायद्याची भीती घालणारे असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने नियम निघाल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम करायला सांगितलं. नियम निघाले २०१७ साली. सर्वांनी संयम राखला. म्हणून तर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला डिजिटल सुगमता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल देता आला. ओळख पटवताना 'डोळे मिचकावा' असं ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांनाही सांगितलं जात होतं, त्यावरूनचं प्रकरण. आधीच कुणी उतावीळपणे सुधारणा केली असती, तर एवढा चांगला निकाल हुकला असता.

शेवटी कॅप्चा आला. आपण यंत्र नसल्याचं सिद्ध करण्यासाठी सिग्नल असलेले चौकोन निवडायचे होते. सरांनी माउस माझ्याकडे सरकवला. मी तीन चौकोन दाबले. अमान्य. खांब धरायचा की नुसते दिवे, यावर आमची चर्चा सुरू झाली, तेवढ्यात संगणक म्हणाला, "सेशन एक्स्पायर्ड. बटन."