आठ रजांत अठरा दिवस
(नाचणगाव व परिसरातील सुट्टीधारकांसाठी मार्गदर्शक सूचना, सन २०२६)

सुट्ट्यांचं नियोजन हे जबाबदारीचं काम आहे. ज्यांनी ते थट्टेवारी नेलं, त्यांचा उन्हाळा दरवर्षी दुसऱ्याच्या हळदीत आणि स्वतःच्या कूलरमध्ये गेला. ही मार्गदर्शिका वाचूनही तो तसाच जाईल, पण निदान नियोजनपूर्वक जाईल.

साहित्य फार लागत नाही. एक कालनिर्णय, एक लाल पेन आणि राज्य शासनाची सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना. ही अधिसूचना परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली निघते. इंग्रजांनी हुंड्या-वचनचिठ्ठ्यांसाठी केलेल्या कायद्यातून आपल्या पुरणपोळीची सोय होते. म्हणून तो कागद आदराने हाताळावा, त्यावर चहाचा कप ठेवू नये.

सुरुवात शोकाने करावी. गेलेल्या सुट्ट्या आधी मोजून घ्याव्यात, म्हणजे पुढे मन लागतं. महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, रविवारी. रमजान ईद २१ मार्चला, शनिवारी. बुद्धपौर्णिमा १ मे रोजी, थेट महाराष्ट्र दिनाच्या पोटात. यातलं शनिवारचं दुःख फक्त पाच दिवसांचा आठवडा असणाऱ्यांना आहे. तो राज्यात सुरू झाला २९ फेब्रुवारी २०२० पासून, त्यामुळे त्याचा वाढदिवसही चार वर्षांतून एकदाच येतो. झेडपीच्या मास्तरांना हा आठवडा लागू नाही. ते शनिवारच्या ईदेकडे बघून हसतील. हसू द्यावं, त्यांच्या वाट्याला असे क्षण कमी येतात.

घराघरांत यादी एक नसते, हे नाचणगावात कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारी पुलगावचा दारूगोळा डेपो. तिथे कामाला असलेल्या बापाची सुट्टी दिल्लीत ठरते. आई शाळेत, तिची मुंबईत ठरते आणि थोडी वर्ध्यात. मोठा पोरगा बँकेत, त्याला दुसरा आणि चौथा शनिवार. धाकटा पुण्यात, त्याच्या कंपनीला लाँग वीकेंड कळतो, पाडवा कळत नाही. शिवजयंती केंद्राच्या सक्तीच्या यादीत नाही, त्यामुळे १९ फेब्रुवारीला बाप डबा घेऊन ड्युटीवर आणि आई जयंतीच्या कार्यक्रमाला शाळेत. सुट्टीवर राहिला फक्त बँकेतला पोरगा, आणि तो झोपलेला. तेव्हा वहीत चार रकाने आखावेत आणि चारही रकाने एकाच दिवशी लाल कधी होतात ते शोधावं. सापडल्यास गप्प बसावं. का, ते पुढे येईल.

आता मुख्य गणित. गुढीपाडवा गुरुवारी, १९ मार्चला. रामनवमी पुढच्या गुरुवारी, २६ ला. महावीर जयंती मंगळवारी, ३१ मार्चला. गुड फ्रायडे ३ एप्रिलला. मधले कामाचे दिवस बोटांवर मोजले तर भरतात आठ, आणि राज्य कर्मचाऱ्याला वर्षभराच्या नैमित्तिक रजाही आठच. म्हणजे आठ रजा टाकल्या की १९ मार्च ते ५ एप्रिल, सलग अठरा दिवस! हे गणित सुटलेला माणूस तासभर कुणाशी बोलत नाही. मग त्याला आठवतं की या अठरा दिवसांच्या ऐन मध्यावर मार्च एंड बसला आहे. निधी परत जाईल, बिलं कोषागारात अडकतील. ३१ तारखेला यादीत सुट्टी आहे खरी, पण साहेब म्हणतील, ‘सुट्टी आहे तर निवांत बसून काम होईल, या सकाळी.’ शिवाय नैमित्तिक रजा एवढी लांब ओढायला नियमात मर्यादा आहे, ती वेगळीच.

तरी तो अर्ज लिहावाच. स्वच्छ अक्षरात लिहावा आणि साहेबांना वाचायला द्यावा. अठरा दिवस वाचून त्यांचा चेहरा बदलला की नम्रपणे म्हणावं, ‘बरं, मग निदान २० मार्चचा शुक्रवार.’ तो सुटकेचा श्वास टाकून मिळतो. पाडवा, एक रजा, शनिवार, रविवार : एका रजेत चार दिवस. कारणाच्या जागी ‘घरगुती काम’ लिहावं. ते खोटं ठरत नाही, कारण शेवटी तेच होतं.

ते असं. पाडव्याची गुढी उभी झाली की दुपारी गच्चीवरच्या खोलीतून पत्र्याचा कूलर दोघांनी धरून खाली आणायचा. गेल्या सालच्या ताट्या वाळून खडखडीत, हात लावला की अंगभर भुसा. टाकीच्या तळाशी क्षारांचा पांढरा थर. तो खुरप्याने खरवडता खरवडता खाली एक भोक निघतं, त्याला एमसील. पंप बादलीत सोडून बघायचा. तो घुरघुरतो, पाणी मात्र चढवत नाही. पुलगावच्या दुकानात पंप आणायला जावं तर पाडव्याच्या मुहूर्तावर नवा कूलर घेणाऱ्यांची रांग, आणि दुकानदार जुन्या पंपाकडे बघायला तयार नाही. चार दिवसांतले दोन इथे जमा धरावेत. विदर्भात राहून कूलरशिवाय पर्यटनाचा बेत करणं हे नियोजन नव्हे.

मार्च-एप्रिलात मंगळवारच्या सुट्ट्या तीन आहेत : ३ मार्च, ३१ मार्च आणि १४ एप्रिल. वाघ पाहायची हौस असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की ताडोबाची साप्ताहिक सुट्टीही मंगळवारीच असते. वाघ आणि आपण एकाच दिवशी रजेवर. ३ मार्चला धुळवड आहे आणि त्याच संध्याकाळी चंद्रग्रहणही, तेव्हा मटणाचं पातेलं सकाळीच चढवून मोकळं व्हावं. उशीर झाला तर घरातल्या म्हाताऱ्या वेधांवर बोट ठेवतील आणि पातेलं तुमच्यासमोर झाकून ठेवतील. १४ एप्रिल तर सहलीच्या हिशेबात धरूच नये. ज्यांचा तो दिवस आदल्या रात्री बाराला सुरू होऊन मिरवणुकीत दुसऱ्या रात्रीपर्यंत चालतो, त्यांना सुट्टी खरी लागते १५ तारखेला. ती यादीत नाही.

ज्यांच्याकडे यादीच नाही, त्यांनी हा परिच्छेद वाचावा. ते वाचणार नाहीत, कारण हरभरा सोंगायचा आहे आणि थ्रेशरवाला कधी येईल ते थ्रेशरवाल्यालाच माहीत. म्हैस पाडव्यालाही दोन वेळा पिळावी लागते. शेतकऱ्याचा सरकारी सुट्टीशी संबंध एवढाच, की माल घेऊन जावं तर बाजार समिती बंद आणि पैसे काढायला जावं तर बँक बंद. म्हणून नोकरदाराने केलेला तक्ता शेजारच्या शेतकऱ्याला जरूर द्यावा. तो कोणत्या दिवशी पुलगावला जाऊ नये हे बघायला वापरील. आजवर या तक्त्याचा याहून चांगला उपयोग झालेला नाही.

रेल्वेचं तिकीट आता साठ दिवस आधी निघतं; पूर्वी एकशेवीस दिवस होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून निम्मे केले. त्यामुळे ३० एप्रिलच्या रात्री पुलगावहून निघायचं तर १ मार्चला सकाळी आठ वाजता मोबाइल हातात हवा. त्या दिवशी रविवार आहे आणि आठ वाजता कोण उठतं, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या बायकोला विचारावा. तिकीट न मिळाल्यास ‘पुलगाव-आर्वी छोटी गाडी पुन्हा सुरू झाली की तिनेच जाऊ’ असं मुलांना सांगावं. बेत पुढे ढकलायला यापेक्षा सभ्य शब्द नाहीत.

पण खरा धोका गाडीचा नाही, येणाऱ्यांचा आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे तुमच्या सुट्टीची बातमी आर्वीच्या आत्यापर्यंत पोचली की ती पुलगाव आगारात उतरलीच समजावं. त्यातून यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे उरलेली सगळी लग्नं १७ मेच्या आत कोंबलेली. साळ्याचा फोन येईल : ‘भाऊजी, शुक्कर, शनवार, आईतवार तुमाले सुट्टीच हाय ना? मंग मांडवाचं तुमीच पाहून घ्या. मी पोट्ट्याईले धाडतो संग.’ यावर ‘नाही’ म्हणता येत नाही, कारण लगेच पुढे धोंड्याचा महिना आहे आणि जावयाचं वाण त्याच घरून यायचं आहे. ज्यांना अनारशांची आवड नाही त्यांनीच प्रतिकार करावा.

आणि तो शुक्रवार म्हणजे १ मे. चारही रकाने लाल होणारा एक दिवस हा. महाराष्ट्र दिन केंद्राच्या यादीत नाही, पण बुद्धपौर्णिमा आहे, म्हणून डेपोतल्या बापालाही सुट्टी. बँक बंद, पुण्याची कंपनी तर तीन दिवस सलग बंद. त्या दिवशी सकाळी शाळेत झेंडावंदन, तिथेच पोरांचा निकाल, मग विहारात वंदना आणि खीर, दुपारी पारा पंचेचाळिसाला टेकत असताना मांडवाच्या बल्ल्या, आणि यातूनच कधीतरी ग्रामसभा. ग्रामसभेला जावं. शंभर माणसं भरली नाहीत तर गणपूर्तीअभावी ती तहकूब होते आणि पुढची तारीख हटकून कामाच्या दिवसाची पडते. आठातली एक रजा तेवढ्यासाठी राखून ठेवावी.