ओट्सवाल्या वहिनी

बेळगावच्या अनगोळात पूर्वी गल्ली ओळखायची खूण म्हणजे मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, नाहीतर दारात बांधलेली म्हैस. आता वासावरून ओळखावी. दुपारी चारच्या सुमाराला ज्या गल्लीत वितळलेल्या लोण्याचा आणि चॉकलेटचा वास सुटलेला असेल, तिथं ओट्सवाल्या वहिनी राहतात असं खुशाल समजावं, आणि नुकतंच जेवण झालं असेल तर पुढच्या गल्लीनं जावं. कारण या वहिनींच्या दारावरून आजवर कुणी तोंड गोड न करता गेलेलं नाही. चुकून गेलंच, तर दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याच्या गाडीपाशी त्याला जाब द्यावा लागतो.

वहिनी चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. अंगात गाऊन, गाऊनवर एप्रन आणि एप्रनच्या खिशाला अडकवलेला मोजायच्या चमच्यांचा जुडगा. पूर्वी घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्या असायच्या, तसा. त्या चालल्या की तो खुळखुळतो आणि पोरं सावध होतात. बोलणं गोड, हात सढळ आणि तोंडात एकच पालुपद : “सोप्पंय ओ भावजी! काय नाय त्यात!”

काय नाही त्यात, ते एकदा बघण्यासारखं आहे. पदार्थाचं नाव चॉकलेट-ओट्स बार. दीड कप ओट्स, एक कप कणीक, पाऊण कप गुळाची पावडर, दीडशे ग्रॅम वितळलेलं लोणी आणि अर्धा चमचा खायचा सोडा, हे सगळं हातानं एकत्र करायचं. मिश्रण मुठीत दाबलं तर मूठ धरली पाहिजे आणि बोटानं ढकललं तर मोडलं पाहिजे. त्यातलं दोन भाग मिश्रण चौकोनी ट्रेमध्ये वाटीच्या बुडानं दाबून बसवायचं. दोनशे ग्रॅम चॉकलेट अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्कमध्ये वितळवून त्यावर ओतायचं. उरलेला एक भाग वरून भुरभुरायचा आणि १८० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं ओव्हनमध्ये ठेवायचं. संपलं.

वहिनींचं म्हणणं खोटं नाही. कृती खरोखरच सोपी आहे. फक्त ती वहिनींना सोपी पडावी म्हणून बाकीचं घर त्या दिवशी कामाला लागलेलं असतं. थोरली लेक तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे टिळकवाडीत जाऊन डार्क कंपाउंड चॉकलेट आणते. धाकटा लोण्यावर नजर ठेवतो. सासरे गुळाची ढेप फोडतात, कारण पावडरीच्या पुड्यातल्या गुळावर वहिनींचा विश्वास नाही. गूळ कोल्हापुरीच लागतो, आणि तो किसता किसता सासऱ्यांचा अंगठा किसला जातो. वहिनी तोवर ओट्याशी उभ्या राहून मोबाईलवर रेसिपीचा व्हिडिओ काढतात आणि त्यात सांगतात, “बघा, दहा मिनिटांत सगळी तयारी झाली!”

अहोंचा वाटा सगळ्यात मोठा. त्यांचं उद्यमबागेत हायड्रॉलिकचे सुटे भाग करायचं लहानसं वर्कशॉप आहे. रेसिपीत आठ इंची चौकोनी ट्रे सांगितला होता आणि बाजारात मिळत होते गोल. अहो म्हणाले, “द्या इकडं मेजरमेंट.” दोन दिवसांत ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून ट्रे तयार. नुसता ट्रे नव्हे, तर त्याच्या भिंतींना बाहेरच्या अंगाला किंचित उतार दिलेला. फाउंड्रीत पॅटर्नला असा ड्राफ्ट दिला नाही तर तो वाळूतून सुटताना साचा मोडतो. बेळगावच्या ओतकामात ज्यांचा जन्म गेला त्यांना हे कुणी सांगावं लागत नाही. तेव्हापासून वहिनींचा बार ट्रेला चिकटलेला नाही. कापायची वेळ झाली की अहो व्हर्निअर घेऊन येतात. चाळीस मिलिमीटर बाय चाळीस. ज्याचा कोपरा उडाला तो तुकडा वेगळ्या डब्यात. त्या डब्याला घरात ‘रिजेक्शन’ म्हणतात आणि त्यातला माल शेजारी म्हणून आमच्याकडे येतो. चवीत फरक नसतो. आम्हांला गोल तुकड्यांची सवय झालीय, एवढंच.

वहिनी ओट्सकडे वळल्या त्याला इतिहास आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळा देश घरात बसून केक करत होता, तेव्हा वहिनींनीही ओव्हन घेतला. पण केकचा स्वभाव दगाबाज. वेळेआधी ओव्हनचं दार उघडलं की मध्येच खाली बसतो, आणि बसला की आल्यागेल्याला दिसतो. तशात पाचव्या-सहाव्या मिनिटाला करंट गेला तर विचारूच नका. बारचं तसं नाही. तो फुगायचाच नसतो, त्यामुळे बसण्याची भीती नाही. अंडं नाही, त्यामुळे श्रावणाची अडचण नाही. करंट गेला तरी तापलेला ओव्हन दार न उघडता तसाच राहू दिला की आतल्या आत तो बराचसा भाजून निघतो. एवढा समजूतदार पदार्थ मिळाल्यावर वहिनींनी केकचं नाव टाकलं.

अडचण एकच होती, आणि ती माजघरात बसलेली होती.

सासूबाईंनी उभा जन्म अनगोळच्या शिवारात भात लावलंय. बासमतीचा वास त्या उंबऱ्यावरून ओळखतात. त्यांनी ओट्सचा पुडा हातात घेतला, चार दाणे तळहातावर चोळले, वास घेतला आणि निकाल दिला, “हे जनावरास घालतात की गं! हे काय करूलालीस?”

वहिनींना तो शब्द लागला. पण न्यायाच्या गोष्टी बोलायच्या तर सासूबाईंचं काही चुकलेलं नव्हतं. आपल्याकडे ओट खरोखरच दुभत्या जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी पेरतात. शिवाय त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला विलायतेतला एक मोठा पंडित उभा आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सननी १७५५ साली इंग्रजीचा जो प्रसिद्ध शब्दकोश केला, त्यात ओट्सची ओळख करून देताना त्यांनी असंच काहीतरी लिहून ठेवलंय, की हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं खातात. जॉन्सनसाहेब आणि अनगोळच्या सासूबाई यांची गाठ पडली असती तर दोघांनी मिळून स्कॉटलंडचं काही शिल्लक ठेवलं नसतं.

वहिनींनी मग विज्ञान काढलं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, तो कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो, रोज तीन ग्रॅम पोटात गेला तर हृदयाला बरा, आणि अमेरिकेच्या अन्न आणि औषध खात्यानं १९९७ सालीच पुड्यावर तसं छापायला परवानगी दिलीय, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. माहिती अगदी बरोबर आहे. तीन ग्रॅमसाठी साधारण साठ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. पण वहिनींच्या एका बारमध्ये ते पाचसहा ग्रॅम असतील-नसतील, आणि त्यांच्या सोबतीला लोणी, गूळ, चॉकलेट आणि ज्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते तो कंडेन्स्ड मिल्क. म्हणजे हृदयाचं भलं करायला दिवसाला दहा-बारा बार खावे लागतील, आणि मग ते भलं बघायला हृदय जागेवर असायला पाहिजे. हे मी एकदा वहिनींना हिशेब मांडून दाखवायला गेलो. त्यांनी शांतपणे माझ्या हातावर आणखी एक बार ठेवला. तोंड भरलेल्या माणसाला हिशेब मांडता येत नाही, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

‘हेल्दी’ या शब्दावर गल्लीतल्या बायांची मात्र श्रद्धा बसली. कुंद्याच्या दोन चमच्यांना ‘नको, शुगर आहे’ म्हणणारे काका वहिनींच्या दारात उभे राहून तिसरा बार उचलताना ‘ओट्स आहेत, चालतंय’ म्हणतात. आषाढी एकादशीला कुणीतरी विचारलं, हे उपासाला चालतं काय? घटकाभर चर्चा झाली. कणीक आहे, म्हणून नको, असं एकीचं मत. कणीक काढून राजगिऱ्याचं पीठ घालू, असं दुसरीचं. मग शाळेतल्या निवृत्त बाईंनी मुद्दा काढला, की बटाटा आणि साबुदाण्याचा कंद हे दोन्ही दक्षिण अमेरिकेतून समुद्र ओलांडून आले आणि आपल्या उपासात मुरले, मग ओट्सनीच काय घोडं मारलंय? हा युक्तिवाद बिनतोड होता. तरी निर्णय पुढच्या एकादशीवर ढकलला गेला, कारण तोवर ट्रे रिकामा झाला होता.

बार वाटायची वहिनींची पद्धतही बघावी. डबा पुढं करतात, पण हात मागं घेत नाहीत. तुम्ही पहिला घास घेईपर्यंत नजर तुमच्या जबड्यावर. “कसं झालंय?” या प्रश्नाला “छान” हे उत्तर चालत नाही, ते ‘ऐकून घेतलं’ या सदरात जमा होतं. “गोड जरा बेताचं आहे, तेच बरं” असं म्हटलं की चेहरा खुलतो. कुणी रेसिपी मागितली की डोळ्यांत पाणी यायचंच बाकी. विकायचा विचार त्यांच्या मनात आलाच नाही असं नाही. भिशीत कुणीतरी ऑर्डर देऊ केली होती. पण विकलेल्या मालाला गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळं होतं. फुकट दिलेल्या बारचं ऋण अभिप्रायानंच फेडावं लागतं, आणि वहिनींना हवा असतो तो अभिप्राय.

याचं मूळ मला फार दिवसांनी उमगलं, तेही कुंद्यामुळे. बेळगावात दुधाचा कुंदा करायचा तर घरचा कितीही आटवला, हलवला, खमंग केला, तरी पाहुणा म्हणणार, “चांगला आहे, पण बाजारातल्याची सर नाही.” मांड्यांची तर बातच सोडा. उपड्या घड्यावर रुमालासारखा पातळ मांडा पसरणाऱ्या बायांचा हात वेगळाच, लग्नघरी त्यांनाच बोलावतात. पुरणपोळी केली तर सासूबाई आहेत. शेंगदाण्याची पोळी केली तर सासूबाईंच्या सासूबाई फोटोतून बघतात. घरात असा एक पदार्थ नव्हता, ज्याच्यावर वहिनींच्या आधी कुणाचा तरी हक्क लागलेला नाही. चॉकलेट-ओट्स बारला मात्र अख्ख्या अनगोळात सासू नव्हती. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणायला कुणाची वेळच नव्हती. वहिनी करतील ती चव आणि त्या म्हणतील ती पद्धत.

अर्थात हे राज्य निर्वेध चाललं नाही. एकदा गल्लीतले एक आजोबा बार चघळत म्हणाले, “हे म्हणजे गोकाकचा करदंटूच की!” डिंक, सुकामेवा, गूळ घालून थापलेली ती गोकाकची वडी आपल्या जिल्ह्यात कैक वर्षं लोक बांधून नेतायत. सुकामेव्याच्या जागी ओट्स आणि डिंकाच्या जागी कंडेन्स्ड मिल्क. आजोबांचं म्हणणं नाकारता येण्यासारखं नव्हतं. वहिनींनी नाकारलंही नाही. त्या फक्त म्हणाल्या, “करदंटूत चॉकलेट कुठं असतंय ओ?” आणि चॉकलेट तरी परदेशातलं आहे असं समजू नये, म्हणून पुढं ऐकवलं की आपल्याच कर्नाटकात पुत्तूरला सुपारीवाल्या शेतकऱ्यांच्या कॅम्पको संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून चालू आहे. आजोबांनी गुपचूप दुसरा तुकडा घेतला.

खरा शिरकाव झाला तो माजघरातून. एका दुपारी सासूबाई उठून ओट्याशी आल्या आणि म्हणाल्या, “कच्चंच कसं घालतीस गं? भाजून तरी घे की जरा, तूप सोडून.” वहिनींनी ऐकलं नाही. मग दुसऱ्या दिवशी त्या देवळात गेल्या असताना सासूबाईंनीच ओट्स लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतून ठेवले. बारीक तांबूस रंग आला होता, आणि घरभर भाजक्या शेंगांसारखा वास. त्या दिवशीच्या ट्रेचा ‘रिजेक्शन’ डबासुद्धा आमच्यापर्यंत पोचला नाही. वहिनींनी पद्धत उचलली. व्हिडिओत मात्र ‘माझं एक सीक्रेट’ म्हणून सांगितली.

परवा गल्लीत नवं लग्न होऊन आलेली मुलगी डबा घेऊन वहिनींकडे आली. तिनंही ओट्सचे बार केले होते, तेही एअर फ्रायरमध्ये. गूळ नाही, खजूर. लोणी नाही, पीनट बटर. कंडेन्स्ड मिल्क तर नावालाही नाही. बिचारी दारात उभी राहून वहिनींच्या जबड्याकडे बघत होती.

वहिनींनी घास घेतला. डोळे मिटले. सावकाश चावला. मग पदर नसलेल्या गाऊनचा नसलेला पदर सावरत म्हणाल्या, “छान झालंय की गं. पण आमच्यात ओट्स आधी तुपावर भाजून घेतात.”

माजघरातून आवाज आला, “कुणी शिकवलं गं तुला ते?”