कीर्तीचे माप
निवृत्त फुटबॉलपटूची कीर्ती मोजण्यास गोलसंख्या अपुरी पडते, कारण जे मोजता येते ते भक्तांना नेहमीच तोकडे वाटते. १९६८ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळवणारा, परंतु विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत कधीही न खेळलेला जॉर्ज बेस्ट २००५ मध्ये निधन पावल्यावर बेलफास्ट या त्याच्या जन्मगावाने अधिक भरीव परिमाणे योजली : २००६ मध्ये शहरातील विमानतळाला त्याचे नाव मिळाले (सामानाची वाट पाहणारे प्रवासी त्याचे कितपत स्मरण करतात, हा प्रश्न कोणी विचारत नाही), आणि त्याच वर्षी अल्स्टर बँकेने त्याच्या चित्राच्या पाच पौंडांच्या दहा लाख नोटा काढल्या. संग्राहकांनी त्या काही दिवसांतच उचलल्या आणि जपून ठेवल्या. आयुष्यभर पैसा उधळणाऱ्या बेस्टचाच पैसा कोणी खर्च करेना.